उजवा कान

आमच्या घरची खूण अशी: उजव्या कानाच्या खालच्या कडेला दोन खाचा आणि टोकाला एक उभी चीर. डावा कान कोरा. कोकरू महिन्याचं झालं की आबा त्याला मांडीत दाबून धरायचे, चुलीत तापवलेला छोटा चाकू फिरवायचे आणि कोकरू ओरडायच्या आत हळद चोपडून सोडून द्यायचे. दहा घरची मेंढरं एका माळावर चरत, तेव्हा कोणतं कोणाचं हे कानच सांगायचा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हस्कू मेंढक्याला, माणसांची नावं आठवत नसत. कान मात्र पिढ्यान् पिढ्यांचे आठवत.

“खूण आपली तर तोंडबी आपलंच,” असं ते म्हणत. म्हणजे काय, ते मी लहानपणी बघितलंय. आमच्या एका एडक्यानं न्हावऱ्याकडं कोणाच्या तरी कांद्याच्या रोपात तोंड घातलं होतं. आम्ही दोन मुक्काम पुढं गेल्यावर आबांना ते कळलं. ते उलट्या पावली चालत गेले, त्या शेतकऱ्याच्या दारात उभे राहिले आणि चार दिवस त्याच्या रानात राबून परत आले. आई भडकली. “त्याला तरी ठावं व्हतं का एडका कुणाचा ते?” म्हणाली. आबा म्हणाले, “त्याला न्हवतं. कानाला ठावं व्हतं.”

आणखी एक आठवण. घोडनदीच्या बाजारात एक जण कान कापलेली बकरी विकायला घेऊन आला होता. कुत्र्यानं तोडला म्हणाला. आबांनी त्या कापल्या कडेवरून अंगठा फिरवला, त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि मला म्हणाले, “चल. कान कापून आणतो त्यो चोर असतो.” तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. ही गोष्ट मी पुढं पंचवीस वर्षं विसरलो. विसरलो म्हणजे काय, सोयीनं बाजूला ठेवली.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. खुटबावात आमचं एक खोपट आणि दीड एकर माळ, बस्स. मला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, पोरगं ठेवायचं कुठं? शेजारच्या रंगूबाईनं विचारायच्या आत सांगितलं, “आमच्यात ऱ्हाईल की. दोघांत तिसरा.” माळ्याचं घर, फुलं आणि भाजीपाला करणारं. तिचा ईश्वर आणि मी एका ताटात जेवलो. चार वर्षं तिनं मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं, उवा काढल्या, आणि मी पाढे चुकलो की ईश्वरबरोबर मलाही चिमटा काढला. आज या गोष्टीचा मला जितका त्रास होतो, तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

पुढं मी वनरक्षक झालो. ज्या खात्याच्या गार्डांनी आबांना जन्मभर माळावरून हाकललं, त्याच खात्याची खाकी माझ्या अंगावर चढली. आबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आता मेंढरं हाकलू नगंस म्हंजी झालं.” एवढ्यात त्यांचा आशीर्वाद उरकला. तोवर त्यांनीही फिरणं सोडलं होतं. कालव्याचं पाणी आलं, दीड एकरात ऊस आला, दारात सात-आठ मेंढरं राहिली. त्यांचे कान मात्र ते अजून कापत होते. दुसऱ्या कोणाची मेंढरंच उरली नव्हती, तरी कापत होते.

माझी नेमणूक शिरूरला. घोड नदीच्या काठानं सगळा ऊस. दोन हजार एक-दोनच्या सुमाराला त्या उसात बिबटे पुष्कळ झाले. पुष्कळ झाले म्हणजे होतेच, आम्हाला उशिरा दिसले. ऊस तेरा-चौदा महिने उभा. आत गारवा, पाणी जवळ, वस्तीवर कुत्री. बिबट्याला याहून चांगलं जंगल आमच्या खात्यानं कधी लावलं नव्हतं.

एका नराला मी ठशांवरून ओळखत होतो. पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट वाकडं. दोन वर्षं तो चार गावांच्या उसात राहिला. त्या दोन वर्षांत त्यानं कुत्री नेली, तीन शेळ्या नेल्या. माणसाच्या अंगावर एकदाही आला नाही. ऊसतोडीच्या बाया शंभर हातांवर फडात काम करायच्या आणि हा सरीत पडून राहायचा. मी ठसे बघून सांगायचो, “घाबरू नका, तो त्याच्या वाटेनं जातो.” पण मार्गशीर्षात तोड सुरू झाली, उसाचे फड मोकळे होत गेले, आणि तो लोकांना दिवसाढवळ्या दिसायला लागला. झालं. दिसला म्हणजे गुन्हा केला. मोर्चा आला, रास्ता रोको झाला, पेपरात फोटो आला. साहेबांनी पिंजरा लावला. आत एक शेळी बांधली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाकड्या बोटाचा पिंजऱ्यात.

लोकांनी फटाके वाजवले. गावच्या पुढाऱ्यानं पिंजऱ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, जणू त्यानंच आत जाऊन धरला. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, बिबट्या आडवा झाला. साहेब म्हणाले, “हा परत आला तर कळलं पाहिजे. काहीतरी खूण करून ठेव रे.” खुणेसाठी म्हणून पुण्याहून काही सामान यायचं होतं, ते आलं नव्हतं. खिशात चाकू होता, आबांचाच, मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी दिलेला. मी बिबट्याचं डोकं मांडीवर घेतलं. उजवा कान बोटांत धरला. केवढा लहान कान, मागून काळा, मधे पांढरा ठिपका. विचार मी केलाच नाही, हात आपोआप चालला. दोन खाचा, एक चीर. जवळच्या वस्तीवरून हळद मागून घेतली आणि चोपडली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला अभिमान वाटला. धनगराच्या पोरानं वाघाच्या कानावर घरची खूण केली! कोणाला तरी सांगावंसं वाटलं. बरं झालं नाही सांगितलं, असं मला पुढं वाटलं. आता वाटतं, सांगितलं असतं तर सुटलो असतो.

त्याला वर घाटातल्या जंगलात सोडायचं ठरलं होतं, तसा कागदही झाला होता. मी आणि ड्रायव्हर सर्जेराव टेम्पोत पिंजरा घालून, वर ताडपत्री टाकून निघालो. बातमी आमच्याआधी पोचली होती. घाटाकडच्या एका फाट्यावर लोक आडवे. “तुमची ब्याद आमच्या दारात कशाला? शिरूरचा वाघ शिरूरलाच ठेवा!” त्यांचं काय चुकलं होतं? मी त्यांच्या जागी असतो तर पहिला दगड मीच उचलला असता. मी वायरलेसवरून साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, “परत इकडं आणायचा नाही. मिळेल तिथं सोड. कागदावर घाटच राहू दे.”

मिळेल तिथं. दुपार झाली होती. भूल उतरून बिबट्या आत धडका देत होता, तोंडातून रक्त येत होतं. सर्जेराव म्हणाला, “हणमंतराव, ह्यो मरंल. काय ते ठरवा बिगीनं.” मला एकच जागा आठवली. खुटबावच्या पुढं तीन कोसांवर वनखात्याचा एक माळ आहे. लहानपणी सुट्टीत आबांबरोबर मी तिथं मेंढरं चारली होती. नजर जाईल तिथपर्यंत कुसळं, बोरी आणि हिवराची झुडपं, माणूस नावाला नाही. “चल, जागा सापडली,” मी म्हणालो.

दिवस मावळायच्या जरा आधी पोचलो. माळ होता, पण केवढा उरला होता! तिन्ही बाजूंनी हिरवा ऊस त्याच्या अंगाला येऊन भिडला होता. मी ते बघितलं. नाही बघितलं असं कधीच म्हणणार नाही. सर्जेराव म्हणाला, “इथं तर ऊसच हाय की समदा.”

“त्याला ऊसच लागतो,” मी म्हणालो. “उघड दार.”

दार वर गेलं. बिबट्या उतरला, एक क्षण थांबला, कुठं आलो हे त्याला समजेना. मग पोट जमिनीला लावून उसात शिरला. पानं हलली, थांबली. दोन मिनिटांचं काम.

परत जाताना घर वाटेवरच होतं. आईनं, म्हाळसाबाईनं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. रंगूबाई परडी घेऊन आली होती. तिची सून सुवर्णाही होती, ईश्वरची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली. सुवर्णानं टेम्पोकडं बघून विचारलं, “भाऊजी, त्या पिंजऱ्यात काय आणलंया?”

“काही नाही. रिकामा आहे.”

ते खोटं नव्हतं. पिंजरा रिकामाच होता.

रंगूबाई हसली. “वाघ धरतोस म्हणं शिरूरला. हितं आणू नगंस बाबा, आमची फुलं तुडवील.” सगळे हसले, मीही हसलो. आबा कोपऱ्यात बसून माझ्या हाताकडं बघत होते. नखांत हळद राहिली होती.

दहा महिने गेले. मधे खुटबावच्या बाजूनं कुत्री गेल्याच्या बातम्या आल्या, एकदा एक वासरू. मी मनात म्हणायचो, बिबटे काय एकच असतात? स्वतःची समजूत घालायला माणसाला फार बुद्धी लागत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूला भाव असतो, म्हणून माळ्याची घरं पहाट फुटायच्या आतच रानात उतरतात. बाया सरीत उकिडव्या बसून, वाकून खुडत पुढं सरकत जातात. उकिडवी बसलेली बाई बिबट्याला बाई दिसत नाही. त्याच्या उंचीचं काहीतरी जनावर दिसतं. हे मला ठाऊक होतं. शिरूरच्या गावागावांत मी हे सांगत फिरलो होतो, उभं राहून काम करा, बोलत राहा, एकटं बसू नका. खुटबावात मात्र मी ते कधी सांगितलं नाही. कसं सांगणार? इथं बिबट्या आहे हे मला कुठं माहीत होतं!

सुवर्णा बांधाकडच्या शेवटच्या सरीत होती. पलीकडं ईश्वरचाच ऊस. ती ओरडलीसुद्धा नाही म्हणे. रंगूबाईला आवाज आला तो परडी उलटल्याचा. ईश्वर धावत गेला तेव्हा ती उसाच्या दुसऱ्या सरीत होती. सहा महिन्यांची गरोदर होती.

मला शिरूरला फोन आला तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होतो. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी साहेबांकडं. “तुझंच गाव ना,” शेवटी साहेब म्हणाले. “तुला यावं लागेल.” पण मी गेलो नाही. दोन दिवस मी कारणं सांगितली. सुवर्णाच्या सरणाला मी नव्हतो.

तिसऱ्या दिवशी चार गावचे लोक ढोल, डबे, काठ्या घेऊन ईश्वरच्या उसात उतरले. बिबट्या दुसऱ्या टोकानं बाहेर पडला आणि पळताना कठडा नसलेल्या विहिरीत गेला. एरवी आम्ही अशा वेळी चार दोर बांधून बाज सोडतो, जनावर तिच्यावर चढतं, वाचतं. इथं बाज कोण सोडणार? लोकांनी दगड सोडले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं शांत झालं होतं.

मेलेलं धूड वर काढायला पाण्यात उतरायला कोणी तयार होईना. मेला तरी वाघ तो. शेवटी आबा उतरले. बहात्तरीचा म्हातारा दोराला धरून खाली गेला, पोहत त्याच्यापर्यंत गेला आणि विहिरीत पडलेलं मेंढरू काढतात तसा पुढच्या पायांखालून वेढा घालून गाठ मारली. तोंडापाशी तोंड होतं म्हणे. ही सगळी हकिकत मला नंतर कळली. मी आलो तेव्हा बिबट्या बाभळीखाली होता, वर बारदान टाकलेलं, आणि आबा ओल्या धोतरानं थोड्या अंतरावर उकिडवे बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गारठलेत.

साहेबांनी लोकांना मागं सरकायला लावलं, बारदानाचं टोक उचललं आणि परत टाकलं. मीही बघितलं होतं. दोन खाचा, एक चीर, छान भरून आलेल्या. आबांनी कापलेल्या कुठल्याही कोकराइतक्या सफाईच्या.

“हे तू केलंयस ना?” साहेब हळू आवाजात म्हणाले.

“साहेब, तुम्हीच म्हणाला होता...”

“मी म्हणालो होतो. कागदावर कुठं आहे? कागदावर हा घाटात आहे.” त्यांनी रुमालानं मान पुसली. “गर्दी बघितलीस? कळलं तर आपल्या दोघांना त्याच विहिरीत टाकतील. पंचनाम्याच्या आधी बघ काय ते. मी चहा घेऊन येतो.”

साहेब लोक कधीच ‘काप’ म्हणत नाहीत. ‘बघ काय ते’ म्हणतात आणि चहाला जातात. म्हणून पुढं आयुष्यभर त्यांना झोप लागते.

पोलीस पाटलानं लोकांना पारावर नेलं होतं. आबाही दिसत नव्हते, मला वाटलं धोतर बदलायला घरी गेले. भर दुपारी, बाभळीच्या आडोशाला, मी तोच चाकू काढला. मेलेल्या, भिजलेल्या जनावराला रक्त येत नाही. कान रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. गार होता, आणि खिसा डाव्या बाजूचा, काळजावरचा.

पंचनामा झाला. ‘उजवा कान दगडाच्या माराने तुटलेला’ हे वाक्य मीच माझ्या अक्षरात लिहिलं. शाळेत रंगूबाईनं घटवून घेतलेलं अक्षर. पंच म्हणून ईश्वरनं न वाचताच सही केली.

मग रंगूबाई आली. लोकांनी वाट दिली. तिनं बिबट्याकडं बघितलंसुद्धा नाही, ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

“हणमा,” ती म्हणाली, “गावात लोक म्हंत्यात, ह्यो हितला न्हाई. फॉरेष्टवाल्यांनी बाहेरनं आणून सोडला. साहेब न्हाई म्हंतो. साहेब परका हाय, त्याचं मी काय धरू? तू सांग. माझ्या हातचं खाल्लंयस तू. तू सांगशील त्ये मी खरं मानीन.”

शंभर-दीडशे माणसं. माशी बसली तरी ऐकू आलं असतं. साहेब चहाचा कप घेऊन दूर उभे होते. मला एकच शब्द बोलायचा होता. व्हय, एवढाच.

“न्हाई काकू,” मी म्हणालो. “ह्यो हितलाच हाय.”

तिनं मान हलवली. खरंच मानलं तिनं. वळून निघालीही होती, तेवढ्यात मागून आबा आले. तेच ओलं धोतर. ते घरी गेलेच नव्हते, लोकांच्या मागं उभे राहून ऐकत होते. मी बोलायची वाट बघत होते. त्यांनी डोक्याचा पटका उतरवला, रंगूबाईच्या पायांपाशी ठेवला आणि खाली बसले.

“रंगूबाई, खूण आमची हाय,” ते म्हणाले. “ह्या जनावराच्या कानावर माझ्या घरची खूण हाय. विहिरीत म्या ह्या डोळ्यानं बघितली. तुझी सून आमच्या खुणंनं मेली. काय करायचं त्ये कर.”

कोणाला काही समजेना. ईश्वर पुढं झाला. “कुठली खूण, आबा?”

“उजवा कान बघ.”

ईश्वरनं बारदान फेकून दिलं. डावा कान होता. उजव्या बाजूला ओली, लाल-पांढरी कड होती. तो बराच वेळ बघत राहिला.

“आबा, कान न्हाईच हाय,” तो म्हणाला.

आबा गुडघ्यांवर पुढं सरकले. त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदाच. दगडानं तुटलेल्या कानाच्या चिंध्या होतात. धारेनं गेलेला कसा असतो, हे त्या अंगठ्याला जन्मभर माहीत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. घोडनदीच्या बाजारात त्या माणसाकडं बघितलं होतं, तसंच.

“आजोबा थकलेत,” साहेब पुढं येत म्हणाले. “पाण्यात उतरले, धसका घेतलाय. घरी न्या त्यांना.” कोणीतरी मागून म्हणालं, “म्हाताऱ्याला समदीकडं मेंढरंच दिसत्यात.” दोघे-तिघे हसले. तीन दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं असेल, ते माझ्या बापाला.

कान माझ्या खिशात होता. हात घालून काढला असता आणि समोर धरला असता, तर म्हातारा खरा ठरला असता. मी हात पँटच्या खिशात घातला.

रंगूबाईनंच पटका उचलला, झटकला आणि आबांच्या डोक्यावर ठेवला. “उठा दादा,” म्हणाली. “तुमचा काय दोष त्यात?”

घरी आबा मला एवढंच म्हणाले, “दे.”

“काय?”

“कान दे. म्या नेऊन दावतो तिला.”

“माझ्याकडं नाही,” मी म्हणालो. तिसरं खोटं. शिरूरला परतताना भीमेच्या पुलावरून मी तो रुमालासकट खाली टाकला. साहेब जीपमध्ये शेजारीच होते. त्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. पुढच्या महिन्यात ‘जमावाची परिस्थिती संयमाने हाताळल्याबद्दल’ मला खात्याचं पत्र आलं. तीन वर्षांनी मी वनपाल झालो.

पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवसापासून आबा पहाटे उठून काठी घेऊन रंगूबाईच्या फुलांच्या बांधावर जाऊन उभे राहू लागले. ऊस आणि झेंडू यांच्या मधे. बाया खुडायला बसल्या की हे उभे, बाया उठल्या की हे घरी. ईश्वरनं आधी सांगून बघितलं, मग ओरडून बघितलं. एकदा चिडून ढकललंही, तेव्हा पडले, उठले आणि पुन्हा उभे राहिले. एडक्यानं कांदा खाल्ला त्याचे चार दिवस असतात. याचे किती, हे कोणी ठरवलं नव्हतं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. आईनं मला निरोपावर निरोप धाडले. मी पैसे पाठवत राहिलो, गेलो नाही. त्या साली झालेल्या कोकरांचे कान आबांनी कापले नाहीत. विचारलं तर म्हणाले, “घरची खूण ऱ्हायली कुठं?”

दोन वर्षांनी एका माघात मी गेलो. खाकी गणवेश बदलून, साधा सदरा घालून, पहाटेच. धुकं एवढं होतं की शेवंतीच्या सरीत बसलेल्या बाया दिसत नव्हत्या, नुसता परड्यांचा आवाज येत होता. आबा बांधावर होते, खांद्यावर घोंगडी, हात काठीवर. फार वाळले होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. मग म्हणालो, “आबा, तुम्ही घरी जा. आजपासून मी उभा राहतो. रजा काढलीय.”

“सांगितलंस का तिला?” आबांनी उसावरची नजर न हलवता विचारलं.

मी सदऱ्याचं बटण लावलं.

“मग हितं तुजं काय काम?”

“आबा, नोकरी जाईल. पोरांची शिक्षणं चाललीत. पण उभा तर राहतो ना मी? तेवढं तरी करू द्या.”

“ज्याची खूण त्यानं उभं ऱ्हायाचं असतं,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. “तू तुजी कापून टाकलीस. जा तू.”

मी अजून थोडा वेळ थांबलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मग मी बांधावरून खाली उतरलो आणि गाडीवाटेनं चालू लागलो. दहा पावलं गेलो असेन, धुक्यातून रंगूबाईचा आवाज आला. फुलं खुडता खुडताच विचारत होती.

“कोण आलं व्हतं, दादा?”

“कुणाचं काय म्हाईत,” आबा म्हणाले. “कानाला खूण न्हवती.”